तालूतची हाडे आणि सत्तामची खोली

मुफ्लिहच्या बैठकीत पहिल्यांदाच आलेल्या माणसाला एक गोष्ट बुचकळ्यात टाकते. यजमान डाव्या हातातल्या पितळी किटलीतून कॉफी ओततो, उजव्या हाताने बिनकानाचा इवलासा पेला पाहुण्याच्या हाती देतो, आणि मग तिथून हलतच नाही. आपला तळवा पेल्याखाली पसरून तो पाहुण्याच्या घशाकडे टक लावून बसतो. शेवटचा घोट उतरला की मगच तळवा मागे जातो. परके लोक याला आदरातिथ्याची पराकाष्ठा समजतात आणि आपापल्या गावी जाऊन तिचे गोडवे गातात. वादी याबिस या ओढ्याच्या दोन्ही काठांवरची माणसे मात्र दाढीत हसतात. हा आदर नव्हे, बंदोबस्त आहे, हे त्यांना ठाऊक असते.

त्या खोऱ्यात कॉफी हे पेय नाही, स्टँपपेपर आहे. काही मागायला आलेला माणूस पेला स्वीकारतो, पण ओठांना न लावता आपल्यापुढे जमिनीवर ठेवतो. त्यावर यजमानाने म्हणायचे असते, 'पी, तुझं काम झालं.' तसे म्हणेपर्यंत पाहुणा पीत नाही, आणि म्हटल्यावर यजमानाला माघार नाही. मुली याच रीतीने मागितल्या जातात, खून याच रीतीने माफ होतात. ज्याच्या घरात एखाद्याची कॉफी थंड झाली, त्याच्या नातवंडांनासुद्धा लोक ती थंडच वाढतात.

मुफ्लिहचा जन्म याच खोऱ्यातला, खर्रूबा नावाच्या टेकडीवरचा. टेकडीवर मोजकी घरे, उतारावर ऑलिव्हची झाडे आणि माथ्यावर त्याच्या अंगणात खर्रूबचे एक डेरेदार झाड. तरुणपणी तो लष्करात गेला आणि तिथून दोन गोष्टी घेऊन परतला: गुडघेदुखी आणि कॉफी भाजण्याची कला. पदक मिळाले नाही. कॉफीच्या कलेचा त्याला पदकापेक्षा जास्त गर्व होता. लाकडी उखळात तो बिया अशा ठेक्यात कुटायचा की समोरच्या उम्म अल-लौझ टेकडीवरही कळावे, खर्रूब्यावर बैठक भरली आहे.

उम्म अल-लौझवर अबू नव्वाफ राहत असे. तिथे माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. मुफ्लिहचा थोरला सत्ताम, म्हणून मुफ्लिह सगळ्यांचा अबू सत्ताम आणि त्याची बायको फिद्दा उम्म सत्ताम. दोन टेकड्यांमध्ये अंतर इतकेच की शिवी पोचते, दगड पोचत नाही. त्यांचा शेजार त्यामुळेच टिकला होता. तो आणखी घट्ट करायचे ठरले तेव्हा अबू नव्वाफने आपली मुलगी वदहा सत्तामला द्यायचे कबूल केले, मात्र एका अटीवर.

"स्वतंत्र खोली हवी," तो म्हणाला. "माझी पोरगी तुझ्या घोरण्यात झोपणार नाही. तुझं घोरणं मला इथवर ऐकू येतं, तिला भिंतीपलीकडून कसं सोसेल?"

"बांधतो की! ऑलिव्ह उतरवून झाले की लग्न, आणि त्याआधी खोली."

दगड घडवून झाले, सिमेंटची पोती ताडपत्रीखाली रचली गेली. खर्रूबच्या झाडालगत मुफ्लिहने चुन्याने चौकोन आखला आणि रोज सकाळी त्यात उभा राहून तो नातवंडांची स्वप्ने पाहू लागला. त्याच आठवड्यात खवाजा आला.

गोऱ्या परदेशी माणसाला तिथे खवाजा म्हणतात. याचे नाव हावरकांप, हुद्दा प्राध्यापकाचा, वर्ण उन्हाने गाजरासारखा झालेला. त्याची अरबी ग्रंथांतून शिकलेली होती. लिंबांचा भाव विचारला तरी शुक्रवारचे प्रवचन सुरू झाल्याचा भास व्हायचा. दोन वर्षे तो ग्रंथांत आणि नकाशांवर याबेश-गिलाद शोधत होता, खोऱ्यात पाऊल मात्र आत्ताच टाकले होते. यहुद्यांच्या शास्त्रात हे गाव येते. त्यांचा पहिला राजा शौल, म्हणजे आपल्या कुराणातला तालूत, लढाईत पडला. शत्रूंनी त्याचे डोके उडवले आणि धड बेसान शहराच्या तटावर टांगले. याबेशच्या मर्दांनी रातोरात चालत जाऊन राजाचे आणि त्याच्या मुलांचे देह उतरवून आणले, जाळले, आणि हाडे एका झाडाखाली पुरली. ओढ्याने ते जुने नाव अजून अंगावर वागवल्यामुळे गाव याच खोऱ्यात होते याविषयी विद्वानांत दुमत नव्हते. ते नेमक्या कोणत्या टेकडीवर होते, एवढ्यावरच त्यांच्या तीन पिढ्यांची पोटे भरली होती.

त्या दुपारी बैठकीत टेकडीवरचे सगळे वडीलधारे होते, आणि सिमेंट कोणत्या प्रतीचे आहे हे पाहायला अबू नव्वाफही आला होता. खवाजाने ही कहाणी सांगितली, नकाशावर बेसानपासून दोरा लावून दाखवला आणि एका रात्रीत किती चाल होते याचा हिशोब मांडला.

"प्रेत काय दोऱ्यावरून चालतं?" एक म्हातारा म्हणाला. "नदी आहे, चढ आहे. आणि तालूत तर सगळ्यांपेक्षा एक डोकं उंच होता म्हणतात."

"तेच डोकं कापलं ना!" अबू नव्वाफ म्हणाला. "झाला बाकीच्यांएवढा. उचलायला काय जड?"

मंडळी खदखदून हसली, खवाजाही हसला. तेवढ्यात मुफ्लिहने त्याच्या हाती पेला दिला. खवाजाने तो नाकाशी नेला, कडूपणाचा अंदाज घेतला, आणि साखर मागाहून येत असावी अशा भाबड्या समजुतीने पुढ्यात जमिनीवर ठेवला.

उखळात कुटणाऱ्याचा हात वर तसाच राहिला. खवाजाला वाटले, साखर आणायला कोणीतरी आत गेले असावे.

"अबू सत्ताम," अबू नव्वाफ हलकेच म्हणाला, "पाहुणा काहीतरी मागतोय रे."

"दिसतंय मला."

"मग?"

मुफ्लिहने पेल्याकडे पाहिले. इतक्या रीतसर मागणारा परदेशी त्याने जन्मात पाहिला नव्हता. त्याची छाती अभिमानाने फुगली, आणि छाती फुगली की त्याचे डोके थांबत असे. हा दोष फिद्दाने लग्नाच्या पहिल्याच महिन्यात हेरला होता.

"प्या, खवाजा," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "जे मागायला आलात ते मिळालं समजा."

खवाजाच्या डोळ्यांत पाणी आले. जी गोष्ट मागण्याआधी निदान महिनाभर भूमिका बांधावी लागेल असे तो समजत होता, ती ताटात वाढून आली होती. साखरेचा त्याला विसर पडला. "हे सन्माननीय गृहस्था," तो प्रवचनाच्या सुरात म्हणाला, "आपल्या अंगणात, त्या पुरातन वृक्षाच्या छायेत, मला उत्खनन करू द्यावे." आणि त्याने कडू कॉफी एका दमात गिळली.

झाड पुरातन नव्हते. मुफ्लिहच्या आजोबांनी ते खेचर बांधायला लावले होते. पण पाहुण्याची चूक काढणे असभ्यपणाचे, आणि दिलेला शब्द फिरवणे त्याहून वाईट. दुसऱ्या दिवशी चुन्याच्या चौकोनाच्या मधोमध कुदळ पडली.

मग पुरातत्त्व खात्याचा माणूस जीप घेऊन आला. अंगणाभोवती तार ओढून त्याने सभ्यपणे समजावले: प्राध्यापकसाहेबांनी 'हेच ते ठिकाण' असा अहवाल दिला, तर अंगण कायमचे राखीव होईल. ठिकाण दुसरीकडे आहे असे म्हणाले, तर खड्डा बुजवून मिळेल आणि मग हवी तर मजले चढवा.

"वा!" तो गेल्यावर फिद्दा म्हणाली. "मेलेल्या राजाला खोली आणि जित्या पोराला आभाळ! अहो, देताना निदान विचारायचं तरी, काय हवंय म्हणून."

"विचारत नसतात, उम्म सत्ताम. आधी द्यायचं, मग विचारायचं. रीत आहे."

"मग आता रीतीलाच सून करून आणा."

ऑलिव्ह काळे होऊ लागले, खड्डा कमरेएवढा झाला, आणि त्यातून निघाली ती रोमनांच्या काळची फुटकी मडकी. शौलापेक्षा हजार वर्षांनी धाकटी. त्या खोऱ्यात कांदा लावायला जमीन उकरली तरी इतके निघतेच. खवाजा हिरमुसला, पण आशा सोडीना. आणखी खाली, आणखी खाली, असे करत राहिला. एव्हाना तो सगळ्यांचा लाडका झाला होता. एका संध्याकाळी त्याने त्या पहिल्या पेल्याची आणि साखरेची गोष्टही मोकळेपणी हसत सांगून टाकली. मुफ्लिह इतरांबरोबर हसला आणि घरी जाऊन तोंडावर पांघरूण ओढून निजला.

पलीकडून रोज हाक यायची. "अबू सत्ताम! राजा उठला का रे?"

"नाही! पण तुझी चौकशी करत होता!"

हाकेत चेष्टा होती तशी जळजळही होती, हे मुफ्लिहच्या उशिरा ध्यानात आले. खात्याची जीप अबू नव्वाफच्या दारावरूनच धूळ उडवत वर येई, पण तिथे थांबत नसे. एकदा तर एका परदेशी बाईने त्याला 'याबेशचा रस्ता कोणता' असे विचारले होते, आणि त्याला दुसऱ्याच्या टेकडीकडे बोट दाखवावे लागले होते. आयुष्यात त्याने पचवलेला हा सर्वांत कठीण घास.

मुफ्लिह ओढा ओलांडून त्याच्याकडे गेला.

"खोली झाली?" अबू नव्वाफने विचारले.

"खड्डा झालाय. खोलच आहे."

"विनोद तुझ्या सुनेला सांग. झाली तर. अट ती अट, अबू सत्ताम. मी बोललोय, चार लोकांनी ऐकलंय."

मुफ्लिहने शांतपणे एक विडी वळली. "एक विचारू? तुझ्या टेकडीवर झाडं नाहीत का रे?"

"आंधळा आहेस? बदामांनी भरलीय."

"तालूतला बदाम आवडत नव्हते, असं कुठं लिहिलंय?"

अबू नव्वाफ गप्प झाला. ही घटना इतकी दुर्मिळ होती की आतून त्याची बायको काय झाले ते पाहायला बाहेर आली.

मुलगी मागायला किंवा खुनाची माफी मागायला वडीलधाऱ्यांचा जो घोळका जातो, त्याला जाहा म्हणतात. खोऱ्याने अनेक जाहा पाहिल्या होत्या. पण इस्त्री केलेले अंगरखे घालून, उन्हे कलताना, खड्ड्याकाठच्या खवाजाच्या तंबूकडे राजाची हाडे मागायला निघालेली ही पहिलीच. अग्रभागी अबू नव्वाफ होता. मागणे मुफ्लिहच्या गरजेचे, पण तोंड अबू नव्वाफचे, कारण हाडे जायची ती त्याच्या घरी.

खवाजाने सर्वांना सतरंजीवर बसवले. आता तो स्वतः कॉफी करी, तीही बिनसाखरेची, आणि त्याचा त्याला बाळबोध अभिमान होता. त्याने पेले वाटले. टक, टक, टक असा आवाज करत सगळे पेले जमिनीवर टेकले. खवाजाच्या चेहऱ्यावरचे गाजर उतरले. एव्हाना त्याला रीत कळत होती.

अबू नव्वाफने अल्लाहची स्तुती केली, पैगंबरांवर सलाम पाठवला आणि खाकरून म्हणाला, "खवाजा, आम्ही एका खानदानी राजाच्या हाडांची मागणी घेऊन तुमच्या दारी आलोय. आमचं घर तुम्हाला माहीत आहे, आमचं कूळ तुम्हाला माहीत आहे. याबेश आम्हाला द्या. आम्ही त्याला डोळ्यांच्या पापणीत ठेवू."

खवाजा हसला. मग दुसरे कोणी हसत नाही हे पाहून थांबला. "मित्रहो, हे शास्त्र आहे. मुलीची मागणी नव्हे. पुराव्याशिवाय—"

"आम्ही तरी चौकशीशिवाय मुलगी देतो का? या. खोदा. चौकशी करा."

"परंतु हाडे जिथे पुरली—"

"तिथे राहिलीच कुठे?" मुफ्लिह मध्येच म्हणाला. "तुम्हीच सांगितलंत ना, पुढे दाऊद राजाने ती उचलून तालूतच्या बापाच्या थडग्यात नेली म्हणून? राजाला प्रवासाची सवय आहे. एक ओढा ओलांडायला त्याची काय हरकत असणार?"

"पण हे सारे ज्यावरून घडले, तो पेला मी साखरेची वाट पाहत ठेवला होता. आपणास मी ते प्रांजळपणे—"

"सांगितलंत. तेव्हा खड्डा कमरेएवढा झाला होता." मुफ्लिहचा आवाज एकदम उतरला. "खवाजा, तुम्ही माझ्या घरी पेला खाली ठेवलात, तेव्हा मी पुरावा मागितला होता का?"

तंबूचे कापड वाऱ्याने फडफडले. खवाजाने दाराशी ठेवलेल्या रोमन खापऱ्यांच्या पाटीकडे पाहिले, खड्ड्याकडे पाहिले, मग रांगेत निवत चाललेल्या कॉफीकडे पाहिले. स्वतःच्या हाताने केलेली कॉफी थंड होताना पाहणे माणसाला सोसत नाही. शिवाय हे ते ठिकाण नसावे, या त्याच्या मनातल्या शंकेला एवढ्या लोकांचा टेकू प्रथमच मिळत होता.

"प्या," तो म्हणाला. आणि मग अचूक व्याकरणात, पडलेल्या आवाजात, "आपले कार्य सिद्ध झाले."

त्याने उम्म अल-लौझवर खोदले. तिथे जळक्या मातीचा एक थर निघाला आणि त्यात थेट शौलाच्या काळची खापरे. जळका थर कोणत्या टेकडीत निघत नाही, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार विद्वानांचा, आणि विद्वान दूर होते. अहवाल लिहिला गेला. अबू नव्वाफच्या दारी निळी पाटी लागली. खर्रूब्यावरचा खड्डा बुजला, तार सुटली, आणि ऑलिव्ह उतरवून होईतो सत्तामच्या खोलीचा पाया खणायला घेतला.

मुळे वाचवायची म्हणून चौकोन थोडा बाजूला सरकवला होता. गवंडी दुसऱ्या कोपऱ्यात खणत असता दगडांनी बांधून काढलेला एक जुना खळगा लागला. तो अर्धा खोलीखाली येत होता, अर्धा बाहेर अंगणात. आत राख होती, पुष्कळ राख, आणि राखेत काही काळपट तुकडे.

"अबू सत्ताम, हे काय?" गवंड्याने विचारले.

मुफ्लिह खाली वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. त्याने एक तुकडा उचलला. तो बोटाच्या पेराचा होता, पण मुफ्लिहच्या पेरापेक्षा किती तरी लांब, आणि ज्याचा तो असेल तो गावातल्या कुणाहीपेक्षा उंच असावा. मग त्याने ताडपत्रीखालच्या सिमेंटकडे पाहिले, नव्याने आखलेल्या चुन्याकडे पाहिले आणि तुकडा अलगद होता तिथे ठेवला.

"बकरी," तो म्हणाला. "आजोबांच्या लग्नातली. ओत काँक्रीट."

"ओतेल, ओतेल," फिद्दा पाटी घेऊन पुढे आली. "वरची राख आधी काढून घेऊ दे. चांगली राख कोणी वाया घालवतं का? लग्नाची पातेली घासायची आहेत."

त्या लग्नातली पातेली जशी लखलखली तशी खोऱ्यात पुन्हा कधी लखलखली नाहीत, असे बायका अजून सांगतात.

अबू नव्वाफचे पहिले वर्ष सुखात गेले. तो पाटीशेजारी खुर्ची टाकून बसे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तालूतविषयी अशी माहिती देई की जणू शेवटचे पाणी त्यानेच पाजले होते. पण खात्याची तार त्याच्या बदामांभोवती फिरली, मग शेळ्यांच्या गोठ्याभोवती, आणि अखेर अशी वेळ आली की त्याला स्वतःच्या भिंतीत खिळा ठोकायचीही चोरी झाली. त्यातच नव्वाफचे लग्न ठरले. मुलीचा बाप खालच्या गावचा, अनुभवी. त्याने अट घातली: स्वतंत्र खोली.

इकडे मुफ्लिहच्या बैठकीत एक नवाच त्रास सुरू झाला होता. इतिहास नसलेली, जिथे मेख ठोकता येते अशी जमीन त्या भागात आता खर्रूब्यावरच उरली होती. जो येई तो पेल्याकडे पाहून खाली वाकू लागे. पेल्याखाली तळवा धरायचे मुफ्लिहने तेव्हाच सुरू केले. खाली जमीनच नसेल तर पेला ठेवणार कुठे?

अबू नव्वाफ आला तो गप्पा मारत आला. हवापाण्याचे बोलला, नातीचे पापे घेतले. बैठकीत नेहमीची मंडळी होती. मुफ्लिहने पेला दिला आणि तळवा पसरला.

"हे काय?" अबू नव्वाफ म्हणाला.

"काही नाही. सांडेल म्हणून."

"माझ्या हातून कधी सांडलीय?"

"वय झालं आता तुझं. पी."

अबू नव्वाफने पेल्याकडे पाहिले, तळव्याकडे पाहिले, आणि अगदी सावकाश, एकही थेंब न सांडता, पेला मुफ्लिहच्या तळव्यावर ठेवला. मग स्वतःचे हात मांडीवर घेऊन बसला.

बैठकीत वादाला तोंड फुटले. "तळवा म्हणजे जमीन नव्हे," एक म्हणाला. "ओठाला लागला नाही ना? मग झालं तर," दुसरा म्हणाला. तिसऱ्याने आपल्या आजोबांच्या वेळचा उंटाच्या पाठीवर ठेवलेल्या पेल्याचा दाखला काढला, पण त्या उंटाचे पुढे काय ठरले ते त्याला आठवेना. कॉफी कढत होती. मुफ्लिहचा तळवा लाल होत चालला होता. पेला टाकावा तर अपमान, धरावा तर चटका.

दारात वदहा येऊन उभी राहिली. कडेवर मुलगी. एकदा तिने बापाकडे पाहिले, एकदा सासऱ्याकडे.

"मामंजी," ती म्हणाली, "नव्वाफला खोली नसेल तर तो बायको घेऊन माझ्याच खोलीत येईल. आणि तो तुमच्यापेक्षा मोठ्यानं घोरतो."

"पी रे, इब्लिसा!" मुफ्लिह ओरडला. "पी! घे जागा! बांध खोली!"

अबू नव्वाफने पेला उचलला आणि चवीने, थेंब न् थेंब संपवून, 'पुरे' या खुणेसाठी हलवून परत केला. मंडळी माना डोलावू लागली. मुफ्लिह तळव्यावर फुंकर घालत म्हणाला, "पण झाडाच्या पलीकडच्या बाजूला. ओढ्याकडे तोंड करून. अलीकडे, सत्तामच्या भिंतीलगत, कुदळ लावायची नाही. आधीच सांगून ठेवतो."

"का रे?" अबू नव्वाफने डोळे बारीक केले. "अलीकडे काय आहे?"

मुफ्लिहने किटली उचलली. नवा पेला भरून त्याने शेजारच्या म्हाताऱ्याच्या हाती दिला आणि पोळलेला तळवा पुन्हा त्याच्याखाली पसरला.

"बकरी," तो म्हणाला.